मोडू देत पेन्सिली

सगळा जन्म नांगराची मूठ धरलेल्या हातात पेन्सिल दिली की ती मोडते. आधी टोक तुटतं, मग लाकूडच मधोमध कडकन मोडतं. नांगर सरळ चालवायचा तर सगळा जोर मुठीतून लावावा लागतो. पेन्सिलीला दोन बोटं आणि अंगठा पुरतो, आणि तिथे जोर लावायचा नसतो, सोडायचा असतो. पन्नाशीतल्या शेतकऱ्याला हे कितीही समजावून सांगितलं तरी हात ऐकत नाही. त्यात भर वर्गात पेन्सिल मोडली की माणूस शरमतो, इकडेतिकडे पाहतो, आणि पुढच्या वेळी फिरकत नाही. म्हणून अमेरिकेतल्या शिक्षिका सेप्टिमा क्लार्क यांच्या वर्गांचा शिरस्ता असा, की पेन्सिल मोडली तर त्यावर अवाक्षर काढायचं नाही. दुसरी हातात द्यायची. मोडू देत, पेन्सिली पुष्कळ आहेत.

मग नाव. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर त्या माणसाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहून द्यायचं आणि त्याने त्यावरून गिरवायचं. पुन्हा पुन्हा गिरवायचं. अक्षराचं वळण कुठून सुरू होतं, हात कुठे उचलायचा, पुढचं अक्षर कसं जोडायचं, हे डोक्याआधी मनगटाला कळलं पाहिजे. मनगटाला कळलं की पुठ्ठा बाजूला ठेवायचा आणि कोऱ्या कागदावर तेच नाव लिहायचं. ए, बी, सी, डीपासून सुरुवात नाहीच. सव्वीस सुटी अक्षरं पाठ करताना मोठ्या माणसाच्या हाती काहीच लागत नाही. दिवसभर राबून रात्री आलेला माणूस तिसऱ्या दिवशी कंटाळतो. नाव मात्र त्याचंच असतं. त्याचा उच्चार त्याला माहीत असतो, अर्थ माहीत असतो, फक्त ते कागदावर कसं दिसतं एवढंच माहीत नसतं. आणि त्याचा उपयोग दुसऱ्याच दिवशी होतो. मजुरीच्या पावतीवर फुली मारायची वेळ येत नाही.

पुठ्ठा, पेन्सिल आणि नाव. या तीन गोष्टींपासून सुरू झालेलं काम पुढे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या लाखो कृष्णवर्णीय माणसांना मतदार यादीपर्यंत घेऊन गेलं. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळीचं नाव निघालं की आपल्याला मार्टिन ल्यूथर किंग यांची भाषणं आठवतात, मोर्चे आठवतात. त्या मोर्चांच्या मागे रात्रीचे वर्ग होते आणि वर्गांमागे ही बाई होती, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. मला तर वाटतं, सेप्टिमाबाईंचं मोठेपण शिक्षणाविषयीच्या थोर विचारांत शोधूच नये. ते त्यांच्या शिकवण्याच्या बारीकसारीक पद्धतीत आहे. समोरच्या माणसाचा मान त्यांनी उपदेशात ठेवला नाही, तो थेट धड्यात घातला.

जन्म ३ मे १८९८, साउथ कॅरोलायना राज्यातल्या चार्ल्स्टन शहरात. वडील पीटर पॉइन्सेट गुलाम म्हणूनच जन्मलेले, जोएल पॉइन्सेट यांच्या मळ्यावर. नाताळात दिसणारं लाल पानांचं पॉइन्सेटिया ज्यांच्या नावावरून ओळखलं जातं, तेच हे. आई व्हिक्टोरिया हैतीत वाढलेली, स्वाभिमानी आणि कडक. लोकांचे कपडे धुऊन संसाराला हातभार लावायची. आठ भावंडांत सेप्टिमा दुसरी. १९०४ साली तिला मेरी स्ट्रीटवरच्या सरकारी शाळेत घातलं, तर तिथे पायऱ्यापायऱ्यांच्या बाकांवर शंभर मुलं एकत्र बसवलेली. शिकवणार कोण आणि काय? आईने लगेच नाव काढलं आणि समोर राहणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंच्या घरगुती शिकवणीला पाठवलं. फी द्यायला पैसे नव्हते. त्याबदल्यात सेप्टिमाने सकाळ-संध्याकाळ त्या घरची पोरं सांभाळायची, असं ठरलं.

१९१६ साली एव्हरी नॉर्मल इन्स्टिट्यूटमधून ती शिक्षिका होऊन बाहेर पडली. पण चार्ल्स्टनच्या सरकारी शाळांत कृष्णवर्णीय शिक्षक घेतच नसत; कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांतसुद्धा गोरेच शिकवत. त्यामुळे अठरा वर्षांच्या सेप्टिमाला जावं लागलं शहराबाहेरच्या जॉन्स आयलंडवर. तेव्हा तिथे पूल नव्हता. खाड्यांतून होडीने जायचं. लोक गुल्ला भाषा बोलणारे, आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वंशातले, बहुतेक मळ्यांवर राबणारे. प्रॉमिस लँड नावाची शाळा लाकडी ओंडक्यांची, फटींत चिखल लिंपलेला, उबेला एक चूल. मुलं १३२ आणि शिक्षिका दोन. त्यांतली सेप्टिमा मुख्याध्यापिकाही होती. तिला ३५ डॉलर, सोबतच्या बाईंना २५. रस्त्यापलीकडे गोऱ्या मुलांची शाळा होती. तिथे मुलं तीन, शिक्षिका एक आणि तिचा पगार ८५ डॉलर.

फळा नव्हता, पुस्तकं नव्हती. कपडे धुऊन-इस्त्री करून ज्या मोठ्या कागदी पिशव्यांत घालून येत, त्या पिशव्या सेप्टिमाबाईंनी वर्गात आणल्या. मुलांना विचारायचं: शाळेत येताना वाटेत काय दिसलं? शेतात काय उगवलंय? आभाळात काय होतं? मुलं सांगत आणि बाई ते तसंच्या तसं पिशवीवर लिहून भिंतीला टाचून देत. त्या दिवसाचं वाचन म्हणजे ती पिशवी.

ही पद्धत फक्त गरजेपोटी आली, असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. शहरातून छापील पुस्तक आलं असतं, तर त्यातली वाक्यं या मुलांनी कधी ऐकलेलीही नसती. शब्द अनोळखी, त्याखालची गोष्ट अनोळखी आणि अक्षरही अनोळखी. तिन्ही ओझी एकदम. मुलाने स्वतः सांगितलेलं वाक्य वाचायला दिलं, की त्यातली दोन ओझी उतरतात आणि फक्त अक्षर शिकायचं उरतं. शिवाय भिंतीवर आपलं बोलणं लिहिलेलं पाहिलं, की आपण बोलतो तेही लिहिण्यासारखं असतं हे मुलाला कळतं. गुल्लाला गावंढळ समजून हसणाऱ्यांचा तो काळ होता.

या बेटावर मुलं शाळेत यायची ती पिकाच्या सवडीने. मळ्याचं काम संपलं की वर्ग भरायचा, काम निघालं की ओस पडायचा. दिवसा मुलं आणि रात्री कधीकधी त्यांचे आईबाप. हा अनुभव चाळीस वर्षांनी कामाला आला.

मधल्या वर्षांत खूप काही घडलं. १९१९ मध्ये त्या चार्ल्स्टनला परत येऊन एव्हरीत शिकवू लागल्या होत्या. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेने तेव्हा मागणी लावून धरली होती, की शहरातल्या कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांत आपले शिक्षक नेमा. अधिकाऱ्यांचं म्हणणं असं, की ही हौस थोड्या सुखवस्तू लोकांची आहे. स्वयंपाकिणींना आणि धुणंवाल्या बायकांना आपल्या पोरांसाठी असले शिक्षक नकोच आहेत. धुणंवालीचीच मुलगी मग सह्या गोळा करायला घरोघर फिरली. पुढच्या वर्षी कृष्णवर्णीय शिक्षकांना दार उघडलं. त्याच सुमाराला नीरी क्लार्क या नौदलातल्या आचाऱ्याशी लग्न झालं. पहिली मुलगी जन्मानंतर काही दिवसांतच गेली. १९२५ साली मुलगा झाला आणि त्याच वर्षी नवरा मूत्रपिंडाच्या आजाराने वारला. तुटपुंज्या पगारात मुलाला सांभाळणं जमेना, म्हणून त्याला आजी-आजोबांकडे ठेवावं लागलं. या दुःखाबद्दल त्यांनी उगाच पाल्हाळ लावलेला नाही, आपणही लावू नये.

१९२९पासून पुढची अठराएक वर्षं त्या राज्याच्या राजधानीत, कोलंबियात शिकवत होत्या. नोकरी करता करता १९४२ मध्ये बेनेडिक्ट कॉलेजची पदवी आणि १९४६ मध्ये हॅम्प्टनची एम.ए. घेतली. कोलंबियातच विल लू ग्रे या गोऱ्या शिक्षणतज्ज्ञ बाईंच्या प्रौढशिक्षणाच्या कामात त्या ओढल्या गेल्या. कॅम्प जॅक्सन या लष्करी तळावर निरक्षर सैनिकांना शिकवायचं होतं. काय शिकवायचं याची यादी छोटी आणि रोखठोक होती: पगाराच्या कागदावर सही, बसवरची पाटी आणि मोजणी. मोठ्या माणसाच्या शिक्षणाची सुरुवात त्याच्या अडचणीपासून करायची, हे सूत्र इथे पक्कं झालं. १९४५ साली शिक्षकांच्या समान पगारासाठी एनएएसीपीचे वकील थर्गुड मार्शल यांनी कोलंबियाचा खटला लढवला, न्यायाधीश वेटिस वेअरिंग यांनी बाजूने निकाल दिला. त्या खटल्याची तयारी करणाऱ्यांत सेप्टिमाबाईही होत्या.

आणि मग १९५६. साउथ कॅरोलायनाच्या विधिमंडळाने कायदा केला, की सरकारी नोकराला एनएएसीपीचा सभासद राहता येणार नाही. फॉर्मवर संघटनांची नावं लिहायची होती. बहुतेकांनी ती लपवली, सेप्टिमाबाईंनी लिहिली. चाळीस वर्षांची नोकरी गेली, पेन्शनही गेलं. वय अठ्ठावन्न.

इथे एक गोष्ट घडली, तिच्यापाशी जरा थांबायला हवं. त्यांनी राज्यातल्या ७२६ कृष्णवर्णीय शिक्षकांना स्वतःच्या सहीने पत्रं पाठवली: हा कायदा अन्याय्य आहे, आपण मिळून विरोध करू. उत्तरं आली २६. त्यांतले अकरा जण शिक्षणाधिकाऱ्याला भेटायला तयार झाले. प्रत्यक्ष त्या दिवशी गेले पाच जण. दुसरं कुणी असतं तर भित्रे म्हणून त्या सातशेंवर ठपका ठेवून मोकळं झालं असतं. सेप्टिमाबाईंनी ठपका स्वतःवर घेतला. लोकांची तयारी नसताना मी त्यांना पुढे ढकलत होते, असं त्या पुढे म्हणत. आधी माणसं तयार करायची, त्यांना धोके आणि खाचखळगे नीट दाखवायचे, मग हाक द्यायची, हे त्यांनी त्या दिवशी मनाशी ठरवलं. त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचं मूळ मला त्या न आलेल्या सातशे उत्तरांत दिसतं.

नोकरी गेल्यावर त्यांना टेनेसीतल्या मॉन्टईगल इथल्या हायलँडर फोक स्कूलने कामाला बोलावलं. माइल्स हॉर्टन यांनी काढलेली ही संस्था दक्षिणेतल्या त्या थोड्या जागांपैकी एक, जिथे गोरे आणि कृष्णवर्णीय एका टेबलावर जेवत आणि एकाच वर्गात बसत. सेप्टिमाबाई १९५४पासून तिथे जात होत्या. १९५५च्या उन्हाळ्यात त्यांच्या शिबिराला माँटगोमेरीहून एक अबोल शिवणकाम करणारी बाई आली होती, रोझा पार्क्स. त्याच वर्षीच्या १ डिसेंबरला तिने गोऱ्या उतारूसाठी बसमधली जागा सोडायला नकार दिला.

आता मताच्या हक्काची भानगड सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. आपल्याकडे १९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीतच प्रत्येक प्रौढाला मत मिळालं. वाचता येत नाही ना, मग पेट्यांवर चिन्हं लावा, असा मार्ग आपण काढला. साउथ कॅरोलायनात १८९५च्या राज्यघटनेने नेमकं उलट केलं. मतदार व्हायचं तर राज्यघटनेचं कुठलंही कलम वाचून-लिहून दाखवा, नाहीतर किमान ३०० डॉलरच्या मालमत्तेवर कर भरल्याचं दाखवा. कुठलं कलम द्यायचं आणि वाचलेलं बरोबर की चूक, हे ठरवणार नोंदणी कारकून. कृष्णवर्णीयांना आधी शाळा द्यायची नाही आणि मग शाळा शिकला नाहीस म्हणून मत द्यायचं नाही. कायद्यात रंगाचा उल्लेखसुद्धा नाही.

जॉन्स आयलंडवर इसॉ जेंकिन्स नावाचे एक उद्योगी गृहस्थ होते. शेती करायचे आणि स्वतःची बस चालवून बेटावरच्या लोकांना चार्ल्स्टनला कामावर न्यायचे. नोंदणीच्या कायद्याचा मजकूर त्यांनी टाइप करून घेतला, प्रती उतारूंना वाटल्या आणि प्रवासात तो समजावून सांगायला सुरुवात केली. ॲलिस वाइन ही त्यांतलीच एक उतारू. तिने सगळा मजकूर ऐकून ऐकून तोंडपाठ केला. पण पाठ म्हणणं वेगळं आणि वाचणं वेगळं, हे तिचं तिलाच कळत होतं. पाठांतरावर कारकुनाला एकदा चकवता येईल, पण त्याने दुसऱ्याच कलमावर बोट ठेवलं तर? तिला खरोखर वाचायला शिकायचं होतं. जेंकिन्स यांनी ही मागणी हायलँडरमध्ये मांडली आणि सेप्टिमाबाईंना चाळीस वर्षांपूर्वीची शाळा आठवली असणार.

जागा मिळेना. शाळेच्या मुख्याध्यापकांनी नाही म्हटलं, चर्चनेही नाही म्हटलं, दोघांनाही भीती. शेवटी बेटावरच्या प्रोग्रेसिव्ह क्लबने हायलँडरकडून १,५०० डॉलरचं कर्ज घेऊन एक जुनी शाळेची इमारत विकत घेतली. पुढच्या भागात किराणा दुकान, सहकारी तत्त्वावर. मागच्या खोल्यांत वर्ग. मागे खिडक्या नाहीत, म्हणजे बाहेरून डोकावणाऱ्याला काही दिसायला नको. दुकान हा आडोसा तर होताच, पण खरंखुरं दुकानही होतं. लोक तिथेच खरेदी करत आणि त्या कमाईतून कर्ज फिटत गेलं.

शिकवायला कोण? इथे सेप्टिमाबाईंनी घेतलेला निर्णय मला सगळ्यांत धाडसाचा वाटतो. प्रशिक्षित शिक्षक नको, असं त्यांनी ठरवलं. शिक्षक मंडळींना त्या जवळून ओळखत होत्या, स्वतः त्यांच्यातल्याच होत्या. शिकलेला शिक्षक अडाणी माणसाशी नकळत वरच्या सुरात बोलतो. त्याचा उच्चार सुधारतो, व्याकरण सुधारतो, आणि साठीतला माणूस पुन्हा पोर होऊन बसतो. वर सरकारी पगारावर असल्यामुळे असा शिक्षक एका फोनने नोकरीवरून जातो. त्यांनी निवडलं नात्यातल्या बर्निस रॉबिन्सन यांना. व्यवसाय केशरचना आणि शिवणकाम. बर्निस यांचं ब्यूटी पार्लर कृष्णवर्णीय बायकांच्या जिवावर चालायचं, तेव्हा कुठल्याही गोऱ्या मालकाला त्यांना कामावरून काढता येत नव्हतं. आणि रोज आठ तास बायकांचं बोलणं ऐकून घेण्याची त्यांना सवय होती. शिक्षिकेसाठी यापेक्षा चांगली तयारी मला तरी सुचत नाही. बर्निस आधी नाहीच म्हणत होत्या: मी कधी शिकवलेलं नाही. म्हणूनच तुम्ही हव्यात, असं उत्तर मिळालं.

७ जानेवारी १९५७ला पहिला वर्ग भरला. जानेवारी यासाठी, की शेतात काम कमी असतं; मार्चनंतर कुणी आलं नसतं. आठवड्यातून दोन रात्री, दोन-दोन तास, दोन महिने. प्रौढ चौदा, शिवाय शिवणकाम शिकायला आलेल्या काही शाळकरी मुली. बर्निस यांनी ओळखीच्या शिक्षिकांकडून पहिलीची रंगीत पुस्तकं आणि तक्ते मागून आणले होते. पहिल्याच रात्री त्यांच्या लक्षात आलं, की मोठ्या माणसांपुढे चेंडू आणि मांजराची चित्रं ठेवणं म्हणजे त्यांचा अपमान आहे. पुस्तकं बाजूला ठेवून त्यांनी सांगितलं, मी काही तुमची मास्तरीण नाही, आपण मिळून शिकू. तुम्हाला काय शिकायचंय ते सांगा.

उत्तरं एकेकाच्या संसारातून आली. नाव लिहायला शिकायचंय. बायबल वाचायचंय. शहरात गेलेल्या मुलाचं पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागतं, ते स्वतः वाचायचंय. कॅटलॉग पाहून टपालाने वस्तू मागवायच्यात, मनीऑर्डरचा फॉर्म भरायचाय. आणि मत नोंदवायचंय. अभ्यासक्रम तिथेच तयार झाला. गणित खताच्या आणि बियाण्याच्या हिशेबाचं, पेट्रोलच्या गॅलनांचं. वाचन म्हणजे आज शेतात काय केलं ते ज्याचं त्याने सांगायचं, बाई लिहून घेणार, मग तोच मजकूर तोच वाचणार. नोंदणीचा फॉर्म मोठा करून भिंतीवर लावलेला, त्यातली एकेक जागा भरण्याचा सराव. राज्यघटनेतले अवघड शब्द सुटे काढून त्यांचे उच्चार आणि अर्थ. बर्निस यांनी भिंतीवर संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामाही लावला होता. शेवटी हे वाचता आलं पाहिजे, असं त्यांनी सांगून ठेवलं.

एका रात्री फळ्यावर सगळ्यांची नावं लिहिली होती. पासष्टीची एक बाई उठली, पट्टी हातात घेतली आणि स्वतःच्या नावावर ठेवली: हे माझं नाव. मग आडनाव शोधून त्यावरही पट्टी ठेवली. अंगावर काटा आला, असं बर्निस पुढे सांगत असत.

दोन महिन्यांनी त्या वर्गातली माणसं चार्ल्स्टनला जाऊन मतदार म्हणून नोंद करून आली आणि ही बातमी शेजारच्या बेटांवर पसरली. वॉडमलॉ, एडिस्टो, मग उत्तर चार्ल्स्टन. वॉडमलॉचा वर्ग जेंकिन्स यांच्या मुलीने घेतला. पुढे मुदत तीन महिन्यांची झाली. पुस्तिकाही निघाली: नोंदणीचे नियम, कर, सोशल सिक्युरिटी म्हणजे सरकारी निवृत्तिवेतन, अधिकाऱ्याला पत्र कसं लिहायचं, मनीऑर्डर कशी भरायची. मत हा त्यातला एक धडा होता, आणि तो बाकीच्यांना चिकटूनच यायचा. रस्ता डांबरी का नाही, हे विचारायचं तर विचारायचं कुणाला, हे माहीत हवं. तो माणूस निवडून येतो कसा, हेही माहीत हवं.

जम बसतोय तेवढ्यात ३१ जुलै १९५९ला टेनेसीच्या पोलिसांनी हायलँडरवर छापा घातला. हॉर्टन परदेशी होते, शिबिर सेप्टिमाबाई चालवत होत्या. दारूबंदीच्या काउंटीत दारू बाळगल्याचा आरोप ठेवून त्यांना तुरुंगात नेलं. त्या दारूला शिवतही नसत. तो आरोप पुढे टिकला नाही, पण राज्याने कोर्टात जाऊन संस्थेची सनद रद्द करवली. म्हणून १९६१ साली हा सगळा कार्यक्रम किंग यांच्या सदर्न ख्रिश्चन लीडरशिप कॉन्फरन्सकडे, म्हणजे एससीएलसीकडे गेला. जॉर्जियातल्या मॅकिंटॉश गावी डॉर्चेस्टर सेंटर नावाची जुनी मिशनरी शाळा होती, तिथे मुक्काम पडला. सेप्टिमाबाई, डोरोथी कॉटन आणि अँड्र्यू यंग हे तिघं गाडीने गावोगाव फिरत आणि माणसं हेरत. दर महिन्याला पाच दिवसांचं शिबिर.

शिक्षक निवडायच्या अटी दोनच: मोठ्याने नीट वाचता यावं आणि फळ्यावर वाचता येईल असं लिहिता यावं. पदव्या नकोत. गावात पत हवी, शेजाऱ्यांनी विश्वासाने दार उघडलं पाहिजे. न्हावी, स्वयंपाकीण, शेतकरी, म्हातारे धर्मोपदेशक यायचे. शिबिरात सेप्टिमाबाई प्रश्नांनी सुरुवात करत. तुमच्या गावात रोजगार कचेरी आहे? कुठे आहे? किती वाजता उघडते? तुम्ही तिथे कधी काम मागायला गेलात? आलेली उत्तरं लिहून घ्यायची, आणि तेच वाचनाचा मजकूर. फळा इथेही नव्हता. लिहायचं कशावर, तर लाँड्रीच्या कागदी पिशव्यांवर. या प्रश्नांत मजा अशी, की पहिले तीन वाचनाचे आहेत आणि शेवटचा हक्काचा, पण विचारताना तो हक्काचा वाटत नाही. माणूस स्वतःच उत्तर देता देता थबकतो.

शिबिरातून परत जाणं सोपं नव्हतं. जून १९६३मध्ये मिसिसिपीतल्या कार्यकर्त्या फॅनी लू हेमर आणि त्यांच्या सोबतिणी चार्ल्स्टनच्या शिबिराहून मिसिसिपीला परतत होत्या. विनोना गावात पोलिसांनी त्यांना पकडून तुरुंगात इतकं मारलं, की हेमर यांना त्याचा त्रास जन्मभर राहिला. ही जोखीम सेप्टिमाबाई लपवत नसत. ७२६ पत्रांनंतर त्यांचा नियमच होता, की धोका आधी सांगायचा.

१९६५ साली अलाबामातल्या सेल्मात गरज एवढीच उरली, की नोंदणीला आलेल्या माणसाला कर्सिव्हमध्ये, म्हणजे जोडून लिहिलेल्या अक्षरांत, स्वतःची सही करता आली पाहिजे. सेप्टिमाबाईंनी गावातल्याच बायामाणसांना तासाला सव्वा डॉलर देऊन कामाला लावलं. रोज सकाळी दोन तास, आठवड्यातून पाच दिवस, ज्याच्या त्याच्या घरात. पुठ्ठ्यावरून गिरवायची तीच रीत. १८ मे ते १५ ऑगस्ट या काळात ७,००२ माणसांची नोंदणी झाली, असा आकडा त्यांनी पुढे दिला आहे. पुतळे उभारले जातात ते त्याच वर्षी सेल्माच्या पुलावर मोर्चात पोलिसांचा मार खाणाऱ्यांचे, आणि ते योग्यच आहे. पण स्वयंपाकघराच्या टेबलाशी शेजारणीचा हात धरून सही गिरवून घेणाऱ्या त्या बायकांची नावंसुद्धा आपल्याला माहीत नाहीत, याची मला फार खंत वाटते. १९५७ ते १९७० या काळात असे ८९७ वर्ग चालले: स्वयंपाकघरांत, ब्यूटी पार्लरमध्ये, झाडाखाली.

एससीएलसीतल्या पुरुषांनी मात्र त्यांचं मोल ओळखलं नाही. त्या कार्यकारिणीवर होत्या, तर किंग यांचे निकटचे सहकारी राल्फ ॲबरनॅथी वारंवार विचारत, या बाई इथे कशाला? किंग यांना उत्तर द्यावं लागे, की मतदार तयार करणारा कार्यक्रम त्यांचा आहे. सेप्टिमाबाईंनी किंग यांना एक पत्र लिहिलं होतं: प्रत्येक मोर्चाचं नेतृत्व तुम्हीच करू नका, गावोगावची माणसं तयार होऊ द्या, त्यांना पुढे करा. किंग यांनी ते बैठकीत वाचून दाखवलं आणि मंडळी हसली. सेप्टिमाबाईंना किंग यांच्याविषयी आदर होता, तो त्यांनी कधी सोडला नाही. पण बायकांचं म्हणणं ऐकून न घेणं हा या चळवळीचा मोठा दोष होता, हेही त्यांनी म्हातारपणी स्वच्छ सांगितलं. मला ते पत्र आणि ती पुठ्ठ्याची रीत यांत काही फरक दिसत नाही. हात शिकणाऱ्याचाच चालला पाहिजे, आपण त्याच्यासाठी लिहून द्यायचं नाही, एवढंच त्या दोन्हीकडे सांगत होत्या. एका ठिकाणी शेतकऱ्यांना ते पटलं, दुसऱ्या ठिकाणी पुढाऱ्यांना नाही.

१९७० साली त्या एससीएलसीतून निवृत्त झाल्या आणि चार्ल्स्टनला राहिल्या. ज्या शहराने त्यांना नोकरीतून काढलं होतं, तिथल्याच शाळा मंडळावर सत्तरीच्या दशकात त्या निवडून आल्या. पेन्शनची लढाई तोवर चालूच होती. १९७६ साली गव्हर्नरने वर्षाला ३,६०० डॉलर मंजूर केले, पण मधल्या वीस वर्षांच्या थकबाकीचं काय? त्यासाठी १९८१ उजाडावं लागलं. विधिमंडळाने ठराव केला तेव्हा त्या त्र्याऐंशी वर्षांच्या होत्या. १५ डिसेंबर १९८७ला त्यांचं निधन झालं, जॉन्स आयलंडवर.